गळ टाकायचा, पण कुठे आणि केव्हा?

रायगड किल्ला आणि शिवथरघळ पाहायला आलेली मंडळी बिरवाडीत मुक्कामाला टेकली की हल्ली हमखास विचारतात, "इथे मासे कुठे धरायला मिळतील हो?" कुणी शहरातून नवा कोरा रॉड आणलेला असतो, कुणी भाच्याला घेऊन बांबूच्या काठीला दोरा बांधत बसतो. हौस चांगलीच आहे. मोबाइल बाजूला ठेवून मुलं दोन तास पाण्याकडे बघत बसणार असतील, तर कुठल्या आईला नको वाटेल? पण मैत्रिणींनो, घरची यजमानीण म्हणून पाहुण्यांना चार गोष्टी आधी सांगणं आपल्याच हातात असतं.

आमच्या बिरवाडीची नदी काळ. ती पुढे सावित्रीला मिळते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. म्हणजे एकाच पाण्याच्या काठाकाठाने गेलं, तर नदीचा, खाडीचा आणि समुद्राचा असा तिन्ही चवींचा मासा भेटतो.

सर्वात जास्त गर्दी होते ती वलगणीला. जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की मासे प्रवाहाच्या उलट चढत ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत येतात. हाताने धरावेत इतके येतात! पण ते येतात अंडी घालायला. गाबोळीची चव कुणाला आवडत नाही? तरी विचार करा, बियाण्याची कणगी आपण पावसाळ्याच्या तोंडावर फोडतो का? घरापुरते चार घ्यावेत. पोती भरून नेऊ नयेत. ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं बांधून सगळी वाट तर मुळीच अडवू नये.

वाडवडिलांना हे कळत होतं. काळ नदीवरच वाळण गावाजवळ वाळणकोंड आहे. कोंड म्हणजे डोह. काठावर वरदायिनी देवीचं स्थान आहे, आणि कोंडातले मोठे महासीर मासे देवीचे म्हणून त्यांना कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की ते वर येतात. मुलांना जरूर दाखवा, पण गळ मात्र पिशवीतच राहू द्या. श्रद्धा आहेच, शिवाय त्यात शहाणपणही आहे. एप्रिल-मेमध्ये नदी आटते, उरतात ते डोह. पुढच्या पावसाचं बीज तिथेच जगतं. डोह उपसला की वलगणीला चढायला मासा राहणार कुठून? म्हणून उन्हाळ्यात दुसऱ्या डोहांवरही हात आखडताच ठेवावा. महासीर इतका मोलाचा, की लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून जलाशयांत सोडली जातात.

मग गळ टाकायचा केव्हा? पाऊस सरून पाणी निवळलं की, दिवाळीपासून पुढे. आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी पुरते. बोटाएवढी पिल्लं लागली तर परत सोडायला मुलांना शिकवा. तलाव-धरणाचं पाणी बहुधा मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतं, तिथे आधी विचारावं. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणं हा गुन्हा आहे. तसा कायदा देशात १८९७ सालीच झाला. कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं अशा ठिकाणचा मासा घरात आणूच नये.

जिवाचीही काळजी हवी. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, म्हणून पाण्यात पाय सोडून बसू नये. पावसाळ्यात तर नदीकाठ टाळाच. डोंगरावर पडलेला पाऊस इथे ऊन असतानाही पूर आणतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एस.टी. गाड्यांसकट वाहून गेला, आणि २२ जुलै २०२१ चा महापूर तर महाडकर विसरणार नाहीत.

खाडीचा मासा हवा तर दासगाव, आंबेतकडे जावं. बोय, शेंगाळी, चिंबोऱ्या मिळतात आणि नशीब असेल तर जिताडा! रायगड जिल्ह्यात पाहुण्याला जिताडा वाढणं हा मोठा मान. समुद्र पाहायचा तर हरिहरेश्वर, श्रीवर्धन आहेच. मात्र हरिहरेश्वरच्या खडकांवर उभं राहून गळ टाकू नये, लाट कधी ओढून नेईल याचा नेम नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग. तिथी पाहून आणि गावच्या कोळ्यांना विचारूनच निघावं. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या सरंग्याचा हट्ट धरू नये.

आता स्वयंपाकघरातलं. नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो. तुकड्यांना मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग धुऊन घ्या. वाम बुळबुळीत असते, ती आधी राखेने घासावी. मासा लहान असेल तर कालवणापेक्षा तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला बरा.

पाहुणे चार दिवसांनी जातील, नदी मात्र इथेच राहणार आहे. आपल्या मुलांच्या मुलांनाही वलगण दिसावी, एवढं मनात ठेवून पाहुण्यांच्या हातात काठी द्या!