वीस खिळे आणि एक जुळारी

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. तेथील तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी हस्तलिखितांच्या संग्रहात मोलाची भर घालणारे राजे दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) ह्यांनी तंजावुरास देवनागरी खिळ्यांचा छापखानाही चालविला. इसापच्या गोष्टींचे ‘बालबोधमुक्तावलि’ हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये तेथे छापले गेले. महाराष्ट्रातील वाचकांस ही गोष्ट अद्यापही फारशी ठाऊक नाही.

मूळ ग्रंथ जपून ठेवणे, त्याची नक्कल करणे, तिचे भाषांतर करणे आणि भाषांतराबरहुकूम खिळे जुळविणे, ही सर्व कामे मानवी शरीरातील बहुतेक पेशी अहोरात्र करीत असतात. त्यांचे खिळे म्हणजे अमिनो आम्ले होत. ती वीस प्रकारची आहेत. त्यांच्या साखळ्या जुळवून प्रथिने बनतात. स्नायू, केस, अन्न पचविणारे पाचक रस आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन ही सारी प्रथिनांचीच किमया होय. खिळे तेच असतात. क्रम बदलला की प्रथिन बदलते.

मूळ ग्रंथ म्हणजे डीएनए हा पेशीच्या केंद्रकात असतो आणि तो तेथून सहसा हलत नाही. त्यातील हव्या त्या पानाची नक्कल तेवढी बाहेर येते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ह्या नकलेची लिपी अवघ्या चार अक्षरांची असून तिच्यातील प्रत्येक शब्द तीन अक्षरी असतो. असे ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ शब्द कोणत्या ना कोणत्या अमिनो आम्लाचे नाव सांगतात. उरलेले तीन हे पूर्णविराम होत.

परंतु अक्षरांची भाषा निराळी आणि आम्लांची भाषा निराळी. मध्ये दुभाषी हवा. हे काम वाहक आरएनए नावाचे छोटे रेणू करतात. अशा रेणूच्या एका टोकाशी तीन अक्षरे ओळखण्याची सोय असते आणि दुसऱ्या टोकास नेमके एक अमिनो आम्ल जोडलेले असते. शास्त्रज्ञ ह्या क्रियेस ‘भाषांतर’ असेच नाव देतात, ते उगीच नव्हे.

खिळे जुळविणारा जुळारी म्हणजे रिबोसोम. नक्कल त्याच्यातून फीत सरकावी तशी सरकत जाते. दर तीन अक्षरांस एक दुभाषी येतो, आपले आम्ल साखळीस जोडून देतो आणि रिकामा होऊन निघून जातो. मनुष्याच्या पेशीत सेकंदास सुमारे पाच आम्ले जोडली जातात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ आम्ले असतात; म्हणजे ती पुरी व्हावयास अर्धा मिनिट पुरतो.

ह्या जुळाऱ्याचे रूप उलगडणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ कावेरीच्याच मुलखातले आहेत. वेंकटरामन रामकृष्णन ह्यांचा जन्म १९५२ मध्ये चिदंबरम येथे झाला. पदार्थविज्ञानातील पदवी त्यांनी १९७१ मध्ये बडोद्यास, म्हणजे गायकवाडांच्या राजधानीत, मिळविली. पुढे केंब्रिज येथे त्यांच्या चमूने क्ष-किरणांच्या साहाय्याने रिबोसोमच्या लहान भागाची सविस्तर रचना २००० मध्ये प्रसिद्ध केली. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ ह्यांच्यासमवेत मिळाले.

छापखान्यात एखादा खिळा संपला तर जुळणी अडते. पेशीतही तसेच होते. छपाई झाली की खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकावेत, त्याप्रमाणे शरीर जुनी प्रथिने मोडून त्यांतील आम्ले पुन्हा वापरते. प्रौढ मनुष्याच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे ३०० ग्रॅम प्रथिने अशी मोडतात व घडतात. पण काही खिळे झिजतात, हरवतात, आणि वीसांपैकी नऊ प्रकार शरीरास स्वतः ओतता येत नाहीत; ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांतील एकाचा तुटवडा पडला की बाकीचे मुबलक असूनही निरुपयोगी ठरतात. त्यांचा साठा करण्याची सोय शरीरात नाही. ती इंधन म्हणून जाळली जातात. अत्यंत निकड पडल्यास शरीर स्नायूच मोडून उणीव भरून काढते.

तंजावूर हे भाताचे कोठार. तांदळाच्या १०० ग्रॅम प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल जेमतेम साडेतीन ग्रॅम असते. प्रौढास हे प्रमाण साडेचार ग्रॅम हवे, आणि दीड-दोन वर्षांच्या वाढत्या मुलास पाच ग्रॅमांहून अधिक. ज्या मुलाच्या ताटात भाताशिवाय काही पडत नाही, त्याचे पोट भरलेले दिसले तरी जुळणी अडलेलीच असते. तुरीच्या डाळीच्या प्रथिनात लायसिन तांदळाच्या जवळजवळ दुप्पट असते. तुरीत उणे आहे ते मेथिओनिन, आणि विलक्षण योग असा की रिबोसोम प्रत्येक साखळीचा आरंभ मेथिओनिननेच करतो. ते तांदळात पुरेसे असते. दोन्ही एकाच घासात मिसळली पाहिजेत असेही नाही. एकाच दिवसाच्या आहारात आली तरी चालते.

तंजावुरात अशी कथा सांगतात की सांबार हा पदार्थ भोसल्यांच्याच मुदपाकखान्यात जन्मला आणि संभाजीराजांच्या नावावरून त्यास हे नाव पडले. इतिहासकार ही दंतकथाच समजतात. सांबारात तुरीची डाळ असते आणि ते भातावर वाढतात, एवढे मात्र तेथील कोणत्याही स्वयंपाकघरात पाहावयास मिळते.