इंग्लंडमधला गोल्फ कोर्स कसा पाहावा, कसा खेळावा

गोल्फ कोर्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गालिच्यासारखं हिरवंगार गवत, मधे तळं, कडेला झाडांची रांग आणि दिवसरात्र चालणारे पाण्याचे फवारे. हेच चित्र मनात ठेवून तुम्ही लंडनच्या दक्षिणेला सरे किंवा ससेक्स परगण्यात गेलात, तर पहिल्या टीवर उभं राहून म्हणाल, "हे काय? गवत तर पिवळं पडलंय आणि कडेला नुसती झुडपं!" ही पिवळी जमीन आणि ही झुडपं यांतच त्या कोर्सची खरी गंमत आहे. आज मी तीच समजावून सांगणार आहे.

या प्रकारच्या जमिनीला तिथे हीथ म्हणतात. वाळूमिश्रित, आम्लधर्मी, नापीक माती. गहू पिकवायला ती काही कामाची नाही. तिच्यावर उगवतं ते गुडघ्याएवढं हेदर, ज्याला उन्हाळ्याच्या शेवटी जांभळी फुलं येतात, आणि काटेरी गॉर्स. पण शेतकऱ्याने नाकारलेली ही जमीन गोल्फसाठी सोनं ठरली. कारण साधं आहे. पाऊस पडला की पाणी वाळूतून झिरपून जातं, चिखल होत नाही. त्याआधी गोल्फची चांगली मैदानं म्हणजे समुद्रकाठची, असंच मानलं जाई. 1901 मध्ये विली पार्क ज्युनियर यांनी आखलेला सनिंगडेलचा ओल्ड कोर्स खुला झाला, 1904 मध्ये हर्बर्ट फाउलर यांचा वॉल्टन हीथ आला, आणि समुद्रापासून दूरही उत्तम गोल्फ होऊ शकतो हे लोकांना पटलं.

आता खेळाकडे येऊ. इथे जमीन टणक असते, त्यामुळे चेंडू पडला की थांबत नाही, पळतो. आपल्याकडे पाणी पाजलेल्या मऊ ग्रीनवर आपण चेंडू उंच मारून थेट झेंड्याजवळ टाकतो. इथे तो अलीकडे टाकायचा आणि उतारावरून घरंगळत जाऊ द्यायचा. म्हणजे मारण्याआधी उतार वाचायला हवा. आणि चेंडू हेदरमध्ये गेला तर? हिरोगिरी नको. त्याच्या चिवट काड्या क्लबच्या मानेला गुंडाळतात, क्लबचं तोंड फिरवतात आणि चेंडू भलतीकडे जातो. जास्त कोनाचा क्लब घ्या, जवळच्या मोकळ्या फेअरवेवर चेंडू काढा, एक फटका गेला म्हणून समजा आणि पुढे चला.

माझा सगळ्यात आवडता कोर्स आहे ससेक्समधला रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्टचा ओल्ड कोर्स. हा क्लब 1888 सालचा. या कोर्सवर वाळूचा एकही बंकर नाही! ही जमीन जुन्या राजेशाही शिकारीच्या रानाची. आसपासच्या गावकऱ्यांना तिथे गुरं चारायचे, गुरांखाली अंथरायला नेचे कापून न्यायचे हक्क होते. 1885 च्या कायद्याने त्यावर देखरेख करणारं मंडळ नेमलं गेलं. तेव्हा क्लबला वाटेल तिथे खड्डे खणायची मुभाच नव्हती. मग अडथळे कुठून आणायचे? जे होते तेच वापरले: ओढे, घळी, चढ आणि हेदर. सहावं होल जेमतेम सव्वाशे यार्डांचं आहे, पण ग्रीनच्या भोवती ओढा आणि घळ. तिथे उभं राहिलं की बंकरची आठवणही येत नाही. विनी-द-पूच्या गोष्टी ज्या रानात घडतात, ते हेच रान.

ग्लॉस्टरशायरमध्ये मिंचिनहॅम्प्टनच्या सामायिक कुरणावरच्या जुन्या कोर्सवर तर उन्हाळ्यात गाई चरत असतात. गाय समोर आली तर खेळाडू थांबतो, गाय नाही. अनेक कोर्सवरून सार्वजनिक पायवाटाही जातात. कुणी आजोबा कुत्र्याला घेऊन चालले असतील, तर ते पुढे जाईपर्यंत क्लब उचलायचा नाही. हा नुसता शिष्टाचार नाही, त्या वाटेवर त्यांचा हक्क आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. यातल्या एखाद्या क्लबवर तुम्हाला झाडं तोडताना माणसं दिसली, तर लगेच रागावू नका. हीथ हे आपोआप टिकणारं रान नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने झाडं काढली, मग गुरं चरत राहिली, लोक जळणासाठी झुडपं कापत राहिले, म्हणून ते उघडं राहिलं. चराई थांबली की बर्च आणि पाइन उगवतात, सावली धरतात आणि हेदर मरतं. गेल्या दोनशे वर्षांत इंग्लंडमधल्या सखल भागातली बहुतेक हीथ शेती, घरं आणि लावलेली जंगलं यांत नाहीशी झाली. उरलेल्या तुकड्यांवर नाइटजार आणि डार्टफर्ड वॉर्बलरसारखे पक्षी जमिनीवर किंवा झुडपात घरटी करतात. म्हणून तिथे झाड तोडणं हे कधी कधी रान वाचवणं असतं. आपल्याकडे गवताळ माळांवर सरसकट झाडं लावली की माळढोकासारख्या पक्ष्यांचं घर जातं, तसंच हे. "झाड म्हणजे चांगलं" हा नियम प्रत्येक जमिनीला लागू होत नाही.

तेव्हा इंग्लंडला जाणं झालं, तर बऱ्याच क्लबांवर पाहुण्यांना आठवड्यातल्या ठरावीक दिवशी खेळता येतं. आधी पत्र किंवा मेल पाठवा आणि हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवा. गोल्फ खेळत नसाल तरी बिघडत नाही. अ‍ॅशडाउनचं रान पायी फिरायला सगळ्यांना खुलं आहे. ऑगस्टच्या अखेरीस जा, हेदर फुललेलं असेल. खेळणाऱ्यांकडे थोडा वेळ बघा, आणि मग ते ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्याकडे बघा.