लायसन नसलं तर गाडी जप्त होते का? कायदा काय सांगतो आणि गाडी सोडवायची कशी

मालवण : पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की तारकर्ली-देवबाग रस्त्यावर गर्दी वाढते आणि नाक्यानाक्यावर गाड्यांची तपासणीही वाढते. हेल्मेट नाही, इन्शुरन्स संपला, याचं चलान मोबाईलवर येतं. ते आता लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. पण लायसनच नसेल तर गोष्ट दंडावर थांबेलच असं नाही. गाडी थेट पोलिस ठाण्याच्या आवारात जाऊ शकते.

पहाटे बंदरावरून मासे घेऊन गावोगाव विकणाऱ्याची स्कूटर आठ दिवस अडकली, तर आठ दिवसांचा धंदा बुडतो. वर खारा वारा आणि पावसाळा. आवारात महिनाभर उभी राहिलेली गाडी गंज खाऊनच बाहेर येते. म्हणून याबाबत कायदा काय आहे, हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं.

दंड दोघांना होतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या कलम ३ नुसार, जी गाडी चालवतो त्या प्रकारचं लायसन चालवणाऱ्याकडे पाहिजे. कलम ४ वयाबद्दल आहे. गाडी चालवायला १८ वर्षं पूर्ण पाहिजेत. फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १६ चालतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वाढल्या. विनालायसन गाडी चालवली तर कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लायसन नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तेवढीच शिक्षा आहे. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्याआधी विनालायसनचा दंड पाचशे रुपये होता.

आपल्याकडे बऱ्याच घरांत गाडी मुंबईतल्या भावाच्या नावावर असते आणि गावात ती चालवतो पुतण्या. अशा वेळी चालवणारा आणि मालक दोघेही अडकतात.

गाडी की आरसी बुक?

गाडी ताब्यात घ्यायचा अधिकार पोलिसांना कलम २०७ ने दिला आहे. लायसन नाही, वय बसत नाही, गाडीचं रजिस्ट्रेशन नाही किंवा परमिट नाही, या कारणांसाठी अधिकारी गाडी अडकवून ठेवू शकतो. हेल्मेट, पीयूसी किंवा इन्शुरन्स ही कारणं या कलमात नाहीत. त्यांचा दंड होतो, पण तेवढ्यासाठी कलम २०७ खाली गाडी ठेवून घेता येत नाही.

याच कलमात पुढे एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. लायसन, वय किंवा परमिट यांचा भंग असेल तर अधिकारी गाडीऐवजी रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, जमा करून घेऊ शकतो. त्याची पोच त्याने द्यायची आहे. रजिस्ट्रेशनच नसलेल्या गाडीला मात्र ही सवलत नाही.

गाडी घ्यायची की आरसी, हे कायद्याने अधिकाऱ्यावर सोडलं आहे. त्यामुळे सारख्याच गुन्ह्यात एका नाक्यावर गाडी जाते, तर दुसऱ्या नाक्यावर कागदावर भागतं. लोकांची खरी तक्रार इथेच असते.

पोलिसांची बाजूही समजून घेतली पाहिजे. आरसी घेऊन गाडी त्याच माणसाच्या हातात दिली, तर पुढच्या वळणावर तो पुन्हा किक मारणार. अपघात झाला तर विचारणा पोलिसांनाच होणार.

एका शहराने धोरण बदललं

हाच पेच अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात झाला होता. तिथे विनालायसन चालकाची गाडी ३० दिवस अडकवून ठेवत. टोइंग आणि रोजचं भाडं धरून हजार डॉलरच्या वर खर्च जायचा. कागदपत्रं नसलेल्या परदेशी मजुरांना तेव्हा लायसन मिळतच नसे. सर्वांत जास्त फटका त्यांनाच बसायचा.

२०१२ मध्ये तिथल्या पोलिसांनी लेखी आदेश काढून नियम सैल केला. ओळखपत्र आणि इन्शुरन्स असेल, आधीचा गुन्हा नसेल, तर सरसकट ३० दिवसांची जप्ती नको, असं ठरलं. प्रकरण कोर्टातही गेलं. पुढे २०१५ पासून कॅलिफोर्निया राज्याने त्या मजुरांना लायसन काढायची वाटही मोकळी केली.

आपल्याकडे त्यासाठी कायदा बदलायचीही गरज नाही. पहिल्यांदा सापडलेला सज्ञान चालक असेल, तर लायसनवाल्या माणसाला बोलावून गाडी त्याच्या हातात द्यावी आणि आरसी जमा करावी. पुन्हा सापडला तर गाडी ठेवावी. असा लेखी नियम सगळ्या ठाण्यांना सारखा लागू झाला, तर मच्छीवाल्याचा धंदाही बुडणार नाही आणि पोलिसांचा धाकही राहील.

अल्पवयीन मुलाला सूट नाही

मुलाच्या बाबतीत मात्र दयामाया नको. कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द होतं आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. १९ मे २०२४ ला पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तेव्हा या कलमाची चर्चा राज्यभर झाली.

२५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी हलकी ई-बाईक कायद्याने मोटार वाहनात मोडत नाही. तिला लायसन लागत नाही. पण त्याहून जास्त वेगाने पळणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला लागतं.

"सायबानू, लायसन घराक रवला"

लायसन जवळ नसणं आणि लायसनच नसणं, यात फरक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन आणि आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. नियम १३९ मध्ये तशी दुरुस्ती २०१८ सालीच झाली. रेंज नसते त्या भागात जाण्याआधी ॲप उघडून कागद दिसतात का, ते बघून ठेवावं.

लायसनची मुदतही तपासा. पूर्वी संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळायची, ती आता नाही. मुदत संपल्यावर एका वर्षाच्या आत नूतनीकरण केलं नाही, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

टेम्पो, छोटा हत्ती चालवणाऱ्यांसाठी दिलासा आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर मालासकट एकूण वजन (जीव्हीडब्ल्यू) साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पुन्हा स्पष्ट केलं.

गाडी अडकली तर

१. कोणत्या कलमाखाली गाडी घेतली ते विचारा आणि लेखी पोच घ्या. आरसी घेतली तरी पोच घ्या.

२. गाडीचे फोटो आणि किलोमीटरचा आकडा तिथेच मोबाईलवर टिपून ठेवा.

३. गाडी सोडवण्यासाठी मालक किंवा गाडी ज्याच्या ताब्यात होती तो अर्ज करू शकतो. मालक मुंबईत असेल तर त्याचं संमतीपत्र आणि आधारची प्रत मागवून ठेवा.

४. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सोबत घ्या आणि गाडी न्यायला लायसनवाला माणूसच न्या.

५. अपघात किंवा दुसऱ्या गुन्ह्यात गाडी जप्त असेल तर कोर्टात अर्ज करावा लागतो. अशी वाहनं ठाण्यात सडत ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं आहे.

खरा धोका दंडाचा नाही

मालकाने जाणूनबुजून विनालायसन माणसाला गाडी दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई देते, पण ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करू शकते. अशी रक्कम लाखांत जाते. आंब्याची कलमं विकूनही ती फिटायची नाही.

शिकाऊ लायसन २०२१ पासून आधारच्या आधारे सारथी संकेतस्थळावर घरबसल्या काढता येतं. ते सहा महिने चालतं. ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची चाचणी देता येते. ती ओरोसच्या आरटीओत होते. एक दिवसाची खोटी होते हे खरं, पण गाडी अडकल्यावर जे हेलपाटे पडतात त्यापेक्षा ती कमीच.