पत्र्याच्या भिंतीतली ओल

एरंडोलहून जळगावकडे निघा किंवा धुळ्याकडे, महामार्गालगत जिनिंग, गोदामं आणि वर्कशॉपची पत्र्याची शेडं दिसत राहतात. मे महिन्यात खान्देशात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हाही या शेडांत माणसं दिवसभर राबत असतात. त्यामुळे भिंतीतला उष्णतारोधक थर ही चैन नव्हे. तो खराब झाला की मात्र दुरुस्तीचे भलभलते सल्ले मिळतात.

त्यातला सर्वांत महागात पडणारा सल्ला म्हणजे, ‘ग्लासवूल भिजली ना, उन्हाळ्यात वाळेल आपोआप.’ ग्लासवूलमध्ये उष्णता अडवते ती काच नव्हे, तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. तिची जागा पाण्याने घेतली की थर निकामी होतो, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने वाहते. शिवाय आतल्या बाजूचं फॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये कोंडलेली ओल सहजी बाहेर पडत नाही. आधाराची जाळी सोडून फॉइलचा एक कोपरा उचलून पाहा. पिवळी ग्लासवूल तपकिरी पडलेली, खाली सरकून गोळा झालेली. वर रिकामी फट, आणि मागे स्क्रूपासून खाली उतरलेली गंजाची रेघ. असा दबलेला थर वाळला तरी पूर्वीसारखा फुगत नाही, आणि ओला असेपर्यंत पत्रा आतून खात राहतो. तो काढायलाच हवा. सगळी भिंत उघडायची मात्र गरज नसते. दोन आडव्या पट्ट्यांमधला खराब भाग कोरड्या, निरोगी थरापर्यंत कापून काढला तरी पुरतं.

‘नवा थर टाकला की काम झालं’ हेही खरं नाही. पाणी आलं कुठून, ते आधी शोधायला हवं. स्क्रूखालचं रबरी वॉशर उन्हाने तडकलेलं असतं, नाहीतर खिडकीवरची पट्टी उचललेली असते. जुना थर काढल्यावर बाहेरून नळीने पाणी मारावं, तेही खालून सुरुवात करून हळूहळू वर जात. वरून मारलं तर ओघळ सगळेच सांधे भिजवतो आणि नेमका गळका सांधा सापडत नाही. मग गंज घासून प्रायमर लावावा आणि पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावरच नवा थर बसवावा.

गळती सापडत नाही, तरी आत थेंब दिसतात? हिवाळ्याच्या पहाटे पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि आतली वाफ त्यावर जमते. म्हणून फॉइलचे जोड चारही बाजूंनी टेपने बंद करावेत. रावेर-यावलकडच्या केळीच्या शीतगृहांत हाच हिशेब उलटा: तिथे वाफ बाहेरच्या गरम हवेतून आत शिरू पाहते, म्हणून वाफरोधक पडदा बाहेरच्या बाजूला हवा.

पैसे थोडे असतील तर कोणती भिंत आधी? अनेकांना वाटतं दक्षिणेची. पण एरंडोल जवळपास 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, दक्षिण भिंतीला त्याचा त्रास नगण्य. दुपारनंतरचं तिरपं ऊन झेलते ती पश्चिमेची भिंत. सुरुवात तिथून करावी.

जाड थर कोंबून फायदा नाही; 75 मिलिमीटरचा थर 50 मिलिमीटरच्या जागेत दाबला तर तो 75चं काम करत नाही.

स्वस्त पडतं म्हणून कापसाच्या शेडमध्ये थर्माकोल लावणं तर मला धोक्याचंच वाटतं. थर्माकोल आणि पीयूएफ (पॉलीयुरेथेन फोम) पेटतात. रॉकवूल आणि ग्लासवूलचे तंतू पेटत नाहीत, मात्र त्यांवरचं आवरण कशाचं आहे हे विचारून घ्यावं.

आणि ग्लासवूल म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2001 मध्ये इमारतींतल्या ग्लासवूलला कर्करोगकारकांच्या यादीत ठेवलं नाही. ग्लासवूलने खाज सुटते, घसा खवखवतो. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट एवढी काळजी घ्यावी. खरी भीती शेजारच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांची. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून दुरुस्तीच्या नादात ते कोरडे कापू नयेत, फोडू नयेत.