'रिनाऊन'चं चिलखत

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलच्या शेवटच्या टोकाला उभं राहिलं, की लालबुंद सळई पाण्याच्या नळकांड्यातून सुसाट जाताना दिसते. बाहेर पडते तेव्हा वरून काळवंडलेली असते. मग आतली धग वर येते आणि कूलिंग बेडवर तिला पुन्हा तांबूस झाक चढते. वरचं कवच कडक, गाभा लवचिक. टीएमटी म्हणतात ती हीच. भंगार वितळवून अशा सळया काढणाऱ्या गावाला 'रिनाऊन' या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेची ओळख करून द्यायची, तर तिच्या चिलखतापासूनच सुरुवात करावी.

चिलखतासाठी आधी नुसतं लोखंड वापरत. मग लोखंडावर पोलादाचा थर बसवू लागले, पण तोफगोळ्याच्या दणक्याने हे दोन थर एकमेकांपासून सुटायचे. अमेरिकेतल्या हार्वे नावाच्या गृहस्थाने जोड टाळून एकाच पोलादी पाटाला दोन स्वभाव दिले. पाटाच्या एका अंगाला कोळसा लावून तो दोन-तीन आठवडे भट्टीत तापत ठेवायचा, कार्बन आत मुरू द्यायचा आणि मग पाण्याने झटकन थंड करायचा. कडक दर्शनी बाजूवर गोळा फुटायचा आणि मागची चिवट बाजू पाटाला तडकू देत नसे. टीएमटीला हा कार्बन मुरवण्याचा खटाटोप लागत नाही, पाण्यावरच भागतं. पण बाहेर कठीण, आत चिवट हे सूत्र दोन्हीकडे एकच.

१८९३ मध्ये पेम्ब्रोकच्या सरकारी गोदीत 'रिनाऊन'ची बांधणी सुरू झाली आणि मे १८९५ मध्ये ती पाण्यात उतरली. हार्वे पोलादामुळे बाजूच्या पट्ट्याला जास्तीत जास्त आठ इंच जाडी पुरली. त्या पट्ट्यामागे चिलखती डेक कडेला उतरता केला होता, म्हणजे पट्टा भेदून आलेल्या गोळ्यालाही पुढे आणखी एक भिंत लागावी. पुढच्या ब्रिटिश युद्धनौकांनी ही रचना उचलली. तोफा मात्र दहा इंची, आणि त्या काळच्या पहिल्या श्रेणीच्या नौकांवर बारा इंची तोफा येत होत्या. त्यामुळे वेग चांगला असूनही तिच्यावर दुय्यम श्रेणीचा शिक्का बसला.

तिच्यावर जीव जडला तो अ‍ॅडमिरल फिशरचा. उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या ताफ्यात ती त्याची ध्वजनौका होती. पुढे भूमध्य समुद्रातही त्याने तिलाच बरोबर नेलं. लढाई मात्र तिच्या वाट्याला आलीच नाही. १९०२ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटना दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आणायचं ठरलं आणि मुख्य डेकवरच्या सहा इंची तोफा निघाल्या. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची पाळी आली, तेव्हा राहण्याची जागा वाढवण्यासाठी उरलेल्या सहा इंची तोफाही गेल्या. 'युद्धनौका-यॉट' असं तिला म्हणत. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, ते वाचकांनी ठरवावं.

९ नोव्हेंबर १९०५ ला 'रिनाऊन' राजपुत्राला घेऊन मुंबईत पोचली. बंगालच्या फाळणीला महिनाही झाला नव्हता आणि पुण्यात दसऱ्याला विदेशी कापडाची होळी पेटून गेली होती. ११ तारखेला राजपुत्राने वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली. मार्च १९०६ मध्ये नौका त्याला घेऊन कराचीहून परत निघाली. त्याच्या महिनाभर आधी इंग्लंडमध्ये 'ड्रेडनॉट' पाण्यात उतरली होती. तिने जगातल्या साऱ्या युद्धनौका एका फटक्यात जुन्या ठरवल्या, आणि ती उभी करण्यामागे होता फिशरच.

परतल्यावर 'रिनाऊन'कडे बॉयलरमध्ये कोळसा घालणाऱ्या पोरांना शिकवायचं काम आलं. १९११ मध्ये हार्वे पोलादाच्या या नौकेला धडकली कोण, तर पाणी पोचवणारी बोट! २ एप्रिल १९१४ ला लिलावात ती ३९ हजार पौंडांना गेली आणि ब्लाइथ बंदरात तोडली गेली. मुंबईतली वस्तुसंग्रहालयाची इमारत त्याच वर्षी पुरी झाली. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चाललं आणि १९२२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. आज आपण तिला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखतो.