फार्महाऊसचा पूल आणि चार फूट पाणी

कर्जत, मुळशी, लोणावळा, अलिबाग या पट्ट्यात सुट्टीचं घर बांधणाऱ्याच्या डोक्यात पूल येतो तो चित्र बनून. मोबाइलमध्ये बालीतल्या एखाद्या रिसॉर्टचा फोटो असतो, काठाला दोन आरामखुर्च्या, मागे ताडाची झाडं, आणि आर्किटेक्टशी पहिली चर्चा रंगते ती टाइलवर. घरच्या पूलबद्दलचे बहुतेक गैरसमज या फोटोतूनच निघतात. खालची जमीन, वरचा पाऊस, पाण्याचं फिरणं, उन्हाची दिशा यांतलं काहीच फोटोत दिसत नाही. पूल देखणा होतो, आणि पाच वर्षांनीही देखणा राहतो, तो मात्र याच गोष्टींच्या हिशेबावर. तो हिशेब आधी मांडला की आकार, फरशी, झाडं यांचे बरेचसे प्रश्न वादाशिवाय सुटतात.

सर्वांत महाग समज खोलीचा. पूल म्हटला की एका टोकाला आठ फूट पाणी हवंच, असं धरून चालतात. ही सवय सार्वजनिक तलावांवरून आली, जिथे उडीसाठी फळी असे. घरचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरसकट १.२ मीटर, म्हणजे चार फूट खोल धरला, तर त्यात ३८,४०० लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजारी टँकर जवळजवळ चार. तोच पूल १.२ पासून २.४ मीटरपर्यंत उतरता केला तर ५७,६०० लिटर. हे वाढीव पाणी भरायचं, गाळायचं, त्यात औषध घालायचं, आणि त्यासाठी खणायचंही जास्त. पोहायला ते लागत नाही. स्पर्धेच्या तलावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धा उडीच्या ठोकळ्याजवळ किमान १.३५ मीटर आणि इतरत्र किमान १ मीटर खोली चालते. ऑलिंपिकचे निकष अर्थात वेगळे. सूर मारायचा राहून जातो, ही तक्रार होईल. पण आठ मीटरच्या पूलमध्ये खोल भाग जेमतेम दोन-तीन मीटरचा असतो आणि तळ लगेच वर चढतो. डोक्याला आणि मानेला इजा व्हायची ती अशाच ठिकाणी. घरच्या पूलमध्ये सूर मारूच नये, हे उत्तर रुक्ष वाटलं तरी खरं आहे. सपाट चार फुटांत आजीही उभी राहते आणि मुलांचा बॉलचा खेळही चालतो.

दुसरा समज, पूल म्हणजे खड्डा खणून टाइल लावलेलं मोठं टाकं. खड्डा कशात खणला, यावर सगळं अवलंबून असतं. देशावरची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पावसात फुगते. या फुगण्या-आकसण्यात पूलच्या भिंतीवर दर वर्षी दाब येतो आणि सुटतो. वॉटरप्रूफिंग कितीही भारी केलं तरी मूळ आरसीसीला तडा गेला की ते फाटतंच. म्हणून काळी माती पुरेशी काढून मुरूम भरणं, तो थराथरानं पाणी मारून दाबणं, आणि आजूबाजूचं पावसाचं पाणी पूलच्या पायापासून दूर वळवणं, हा खर्च टाइलच्या आधीचा. कोकणात दुखणं वेगळं. जांभ्यातून पाणी झपाट्यानं मुरतं, आणि जुलैत सखल जागी भूजल थेट अंगणाच्या पातळीपर्यंत येतं.

इथेच सर्वांत घातक गैरसमज बसलेला आहे: पावसाळ्यात कुणी पोहत नाही, तर पूल रिकामा करून ठेवावा. वर सांगितलेल्या पूलच्या भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीचे धरा. काँक्रीट साधारण १३ घनमीटर, वजन सुमारे ३३ टन. बाहेरून मोजलं तर हा सांगाडा जवळजवळ ५२ घनमीटर जागा व्यापतो. भोवतीचं भूजल काठापर्यंत चढलं तर ते त्याला सुमारे ५२ टनांच्या जोरानं वर ढकलतं. आत पाणी असेल तर वरून आणखी ३८ टन बसलेले असतात आणि काही होत नाही. आत पाणी नसेल तर तो पूल जमिनीत रुतवलेली होडी ठरतो. तो उचलला जातो, निदान तळाला तडे जातात आणि पाइपांचे जोड निखळतात. तयार फायबरचे पूल तर वजनाला हलके, ते आणखी लवकर उठतात. यावर तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात आणि खाली खडीचा निचराथर देतात. दोन्ही करावंच. पण व्हॉल्व्ह मातीनं चोंदू शकतो, म्हणून जून ते सप्टेंबर पूल भरलेला ठेवणं हाच साधा नियम. लोणावळ्यासारख्या ठिकाणी, जिथे पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, काठावरून वाहून जाणाऱ्या पाण्याला मोकळी वाट ठेवली की झालं.

भरलेलं पाणी चार महिने सडेल, हा पुढचा आक्षेप, आणि त्याच्या मुळाशी तिसरा गैरसमज आहे: पूलचं पाणी दर पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं बदलायचं असतं. पाणी हिरवं झालं की सांडून नवं भरणं, हा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. खरं तर पाणी हिरवं होतं ते शेवाळामुळे, आणि शेवाळ धरतं ते पंप पुरेसा न चालल्यामुळे किंवा क्लोरीन संपल्यामुळे. उपाय म्हणजे क्लोरीनचा मोठा डोस, भिंतींना ब्रश, गाळणी सलग चालू ठेवणं आणि मग बॅकवॉश, म्हणजे गाळणीतून उलटं पाणी सोडून ती धुणं. रेतीच्या गाळणीतून सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिरेल एवढा पंप हवा, आणि पाणी परत आत सोडणारी तोंडं अशा जागी हवीत की एकही कोपरा साचलेला राहणार नाही. पायऱ्यांच्या आड, बाकाखाली, नागमोडी वळणात शेवाळ पहिलं धरतं. म्हणजे आकार ठरवतानाच स्वच्छतेचाही निर्णय होऊन जातो. नीट फिरणारं पाणी कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षं टिकतं. एक अपवाद सांगायला हवा. बाजारातल्या टीसीसीएच्या गोळ्यांतून क्लोरीनबरोबर सायनुरिक आम्ल उतरतं. ते उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, पण साठत जातं, आणि फार झालं की क्लोरीन असूनही काम करत नाही. ते कमी करायला थोडं पाणी काढून नवं घालण्यावाचून सोपा इलाज नाही. पावसाळा हे काम फुकटात बऱ्यापैकी करतो.

क्लोरीनचा वास झोंबला की पूल स्वच्छ, ही समजूतही उलटी आहे. तो उग्र दर्प क्लोरामाइनचा असतो. क्लोरीनची गाठ घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी पडली की तो तयार होतो, आणि डोळे चुरचुरतात तेही बहुतांशी त्यानंच. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान असेल तर पाण्याला वास जवळजवळ येतच नाही. पीएचकडे लोक काणाडोळा करतात. तो ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ च्या वर गेला की पावभागही उरत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात हे नेहमी घडतं, आणि टाइलवर पाण्याच्या रेषेत पांढरा खरखरीत पट्टा बसतो तो त्याच जड पाण्याचा क्षार. त्यामुळे गडद टाइल घेणाऱ्यानं तो पट्टा सर्वांत ठळक दिसणार हे धरूनच घ्यावी. आणि ‘सॉल्ट पूल’मध्ये क्लोरीन नसतं, असं विक्रेता म्हणाला तर हसून सोडून द्यावं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तिथल्या तिथे क्लोरीनच बनवतात. दर लिटरला साडेतीन ग्रॅम धरलं तर आपल्या पूलला सुमारे १३५ किलो मीठ लागेल, समुद्राच्या खारेपणाच्या दहाव्या हिश्शाएवढं. हाताळायला सोयीचं, पण लोखंडी शिडी, हलका दगड आणि सांधे लवकर खाणारं.

आता शोभेकडे. इन्फिनिटी काठ हवा, हा आग्रह सध्या सगळ्यांचा. वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी श्रीलंकेत दंबुल्लाजवळ बांधलेल्या कंडलामा हॉटेलचा पूल पाहिला की हा काठ कशासाठी असतो ते कळतं: पलीकडे खाली जुना तलाव पसरलेला आहे, आणि पूलचं पाणी नजरेला त्यात मिसळतं. डोंगरउतारावर, पवनेच्या किंवा मुळशीच्या पाण्याकडे तोंड करून हाच काठ शोभून दिसतो. सपाट प्लॉटवर त्याच्या पलीकडे शेजाऱ्याची कंपाउंड वॉल असते. शिवाय सांडलेलं पाणी झेलायला वेगळी टाकी लागते, पंप थांबला की काठ कोरडा पडतो, आणि पातळ पडद्यानं वाहणारं पाणी वाऱ्यावर जास्त उडतं. मूत्रपिंडाच्या आकाराच्या पूलचीही गत तशीच. उद्यानरचनाकार थॉमस चर्च यांनी १९४८ साली कॅलिफोर्नियात सोनोमा इथे डोनेल कुटुंबाच्या बागेत तो आकार काढला, तेव्हा समोर खाडीकाठच्या दलदलीतली पाण्याची वळणं होती. चौकोनी प्लॉटवर, चौकोनी बंगल्याशेजारी ते वळण कशाला उत्तर देतं? साधा लांबट आयत, घराच्या भिंतीला समांतर, बहुतेक भूखंडांवर जास्त डौलदार दिसतो, आणि त्यावर आच्छादन ओढणंही सोपं जातं.

रंगाच्या बाबतीत, पाणी निळं दिसायला निळी टाइल लागत नाही. पाणी तांबडा प्रकाश किंचित शोषतं आणि वर आकाश असतंच, त्यामुळे फिकट राखाडी किंवा पांढरट तळावरही पाणी स्वच्छ निळसर दिसतं. जावातला हिरवट दगड ‘बाली स्टोन’ म्हणून विकला जातो. सावलीतल्या पूलला तो खुलतो, यात शंका नाही. काळा तळ मात्र टाळावा. त्यात आकाश सुंदर उमटतं, पण तळाशी गेलेलं मूल दिसत नाही. काठाच्या फरशीला डोळ्यांपेक्षा तळपायाचा कौल घ्यावा. काळ्या कडप्प्यावर मे महिन्यातल्या दुपारी अनवाणी पाय ठरत नाही, पॉलिश केलेला कोटा ओला झाला की घसरतो. फिक्या रंगाचा, खरखरीत केलेला ग्रॅनाइट किंवा चिरा बरा.

झाडांच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात: एक तर काठाला लागून झाडी, नाहीतर कचरा नको म्हणून उघडंबोडकं अंगण. वड, उंबर, पिंपळ यांची मुळं पाण्याच्या मागावर भिंतीत शिरतात, ती दूरच हवीत. गुलमोहर सावली छान देतो, पण त्याची पानटिकली तांदळाएवढी. जाळीच्या टोपलीतून सुटून ती थेट गाळणीत जाते. चाफ्याचं पान हातभर लांब, ते काठीच्या जाळीनं दोन मिनिटांत उचललं जातं. झाड पश्चिमेला लावलं तर दुपारनंतर पाण्यावर सावली पडते. वारा येतो त्या बाजूला कुंपणाची दाट झाडी असेल तर बाष्पीभवनही घटतं.

बाष्पीभवनाचा मुद्दा शोभेपेक्षा मोठा आहे, कारण सर्वांत गंभीर आक्षेप तिथे येतो: टँकरवर जगणाऱ्या गावांच्या राज्यात खासगी पूल बांधावाच का? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. आपल्या पूलचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर उडतं असं धरलं तर रोज १६० लिटर, आणि पावसाबाहेरच्या २४० दिवसांत ३८,४०० लिटर. एक अख्खा पूल हवेत जातो. पाणी खाणारी गोष्ट ही आहे, आणि ती खोलीवर नव्हे तर उघड्या पृष्ठभागावर ठरते. वापर नसताना आच्छादन घातलं तर वरून भरावं लागणारं पाणी ३० ते ५० टक्के घटतं, असा अमेरिकी ऊर्जा खात्याचा हवाला आहे. पुण्यासारख्या ७०० मिलिमीटर पावसात १०० चौरस मीटर छतावरून, वीस टक्के वाया गेलं तरी, ५६ हजार लिटर मिळतं. फक्त ते चार महिन्यांत येतं आणि लागतं पुढच्या आठ महिन्यांत, म्हणून साठवणीची टाकी पूलच्या अंदाजपत्रकातच धरायला हवी. ज्या गावात बोअर दर उन्हाळ्यात आटतो, तिथे इतकं करूनही पूल बांधू नये, असंच मी म्हणेन. तिथे सावलीचं अंगण आणि गुडघाभर पाण्याचा लहान हौद पुरे.

राहिलं कुंपण. मुलांना पोहायला शिकवलं की झालं, आणि बुडणारा ओरडतोच, या दोन समजुती जिवावर बेततात. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्यावर ठेवण्यातच त्याची ताकद जाते, आणि काही मिनिटांत सगळं आटोपतं. ऑस्ट्रेलियात घरच्या पूलभोवती किमान १.२ मीटर उंच अडसर कायद्यानंच लागतो. कुंपणानं शोभा जाते म्हणणाऱ्यांसाठी काच आहे, उभ्या गजांची बारीक रेलिंग आहे. आडव्या पट्ट्या तेवढ्या नकोत, त्यांवर मूल चढतं. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नये, कारण मूल घरातूनच बाहेर येतं. दार आपोआप मिटणारं, पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. तळाला पाणी ओढणारी तोंडं दोन, एकमेकांपासून दूर आणि घुमटाकार जाळीची. एकच तोंड असेल तर त्याची ओढ केस किंवा अंग धरून ठेवू शकते, आणि अशाच एका मृत्यूनंतर अमेरिकेनं २००७ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच. आणि खेळ संपला की तरंगता बॉल पाण्यात सोडून येऊ नये, कारण दोन वर्षांचं मूल काठावर जातं ते त्याच्याचसाठी.