शंकूसारखे पारपटल आणि मोतीबिंदू

डोळ्याच्या अगदी दर्शनी भागी, घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेला जो पारदर्शक पडदा असतो त्यास पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. प्रकाशकिरण वळविण्याचे काम मुख्यतः आतील भिंग करते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती या पातळ पडद्याचीच होय.

हा पडदा हळूहळू आणखी पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, त्या विकारास केराटोकोनस हे नाव आहे. लिव्हरपूलचे वैद्य जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. विकाराचा आरंभ बहुधा पौगंडावस्थेत होतो. पृष्ठभाग ओबडधोबड झाल्यामुळे अक्षरांना सावल्या दिसू लागतात आणि चष्म्याने पुरता लाभ होत नाही. कडक स्पर्शभिंग मात्र उपयोगी पडते. कारण त्याच्याखाली साचलेला अश्रूंचा थर खाचखळगे भरून काढतो.

मोतीबिंदू हा सामान्यतः उतारवयाचा विकार. परंतु हे दोन्ही विकार तरुण वयातच एका डोळ्यात एकत्र येऊ शकतात. वावड्यामुळे ज्यांचे डोळे वारंवार खाजतात अशी मुले डोळे चोळतात, आणि चोळण्याचा केराटोकोनसशी निकट संबंध आढळला आहे. खाज शमविण्यासाठी वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने स्टेरॉइडचे थेंब घातले, तर त्यांपासून मोतीबिंदू होतो, काचबिंदूही होतो. पहिल्या दुखण्यावरचे औषधच दुसऱ्या दुखण्यास कारण व्हावे, हा प्रकार टाळता येण्याजोगा आहे.

शंकू वाढत असेल तर प्रथम ती वाढ थांबवावी लागते. जर्मनीतील ड्रेसडेन येथील संशोधकांनी यासाठी एक पद्धती शोधून २००३ मध्ये तिचे रुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. पारपटलावर ब-२ जीवनसत्त्वाचे, म्हणजे रायबोफ्लेविनचे, थेंब घालून त्यावर जंबुपार किरण सोडतात. त्यायोगे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये नवे आडबंध निर्माण होऊन पडदा ताठ होतो. गेलेली दृष्टी याने सहसा परत येत नाही. आहे ती टिकते.

पुढे मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवावयाचे. असे पहिले भिंग हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडन येथे बसविले. शस्त्रक्रिया आता सरावाची झाली आहे. खरी अडचण मोजमापाची. भिंग किती शक्तीचे घ्यावे हे डोळ्याची लांबी व पारपटलाची शक्ती यांवरून ठरते. नेहमीचे उपकरण पारपटलाचा केवळ पुढचा पृष्ठभाग मोजते आणि मागचा पृष्ठभाग निरोगी डोळ्यातल्याप्रमाणेच असेल असे गृहीत धरते. मागच्या पृष्ठभागाची शक्ती ऋण असते. केराटोकोनसमध्ये तोही अधिक बाकदार होतो, म्हणून ही वजाबाकी वाढते. उपकरणास त्याचा पत्ता नसतो. समजा, खरी शक्ती ४७ डायॉप्टर असता उपकरणाने ५० दाखविली. एका जुन्या सूत्रात पारपटलाच्या शक्तीची ०.९ पट वजा करतात. म्हणजे निवडलेले भिंग सुमारे २.७ डायॉप्टरने दुबळे ठरते, व रुग्णास जवळचे, आणि बऱ्याच अंशी दूरचेही, अंधुक दिसते. म्हणून हल्ली दोन्ही पृष्ठभागांचे नकाशे घेतात व केराटोकोनससाठी मुद्दाम बसविलेली सूत्रे वापरतात. मोजणीपूर्वी काही आठवडे स्पर्शभिंग वापरणेही बंद ठेवावे लागते, कारण त्याच्या दाबाने पारपटलाचा आकार बदलतो.

वक्रतेतील विषमता भरून काढणारे टॉरिक भिंग काही रुग्णांना मानवते. पण विषमता बरीचशी नियमित व स्थिर हवी. शस्त्रक्रियेनंतरही कडक स्पर्शभिंग वापरणाऱ्यास ते देऊ नये. स्पर्शभिंग पारपटलाचा दोष झाकून टाकते, आणि मग टॉरिक भिंगाने दिलेली उलटी विषमता तेवढी शिल्लक राहते! बहुकेंद्री भिंग तर अशा डोळ्यांना सहसा वर्ज्यच.

शंकू फार वाढून पारपटलावर व्रण पडला असेल, तर मृत दात्याचे पारपटल बसविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. माणसाच्या पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये मोरेव्हियातील ओलोमोत्स येथे केले. हल्ली शक्य तेथे रुग्णाचा सर्वांत आतला थर तसाच ठेवून वरचे थर तेवढे बदलतात. त्यामुळे परक्या ऊतीस शरीराने नाकारण्याचा धोका कमी होतो. मोतीबिंदू त्याच वेळी काढता येतो. पण थांबणे शक्य असेल तर टाके निघून नव्या पडद्याचा आकार स्थिरावेपर्यंत, बहुधा वर्षभर, थांबतात, आणि मगच भिंगाचे माप घेतात.